‘मयताचे नावे शेतजमीन नाही, सबब अपात्र’ : जिल्हाधिकाऱ्यांना आणि महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व जिल्हाधिकारी (अध्यक्ष, शेतकरी आत्महत्या प्रकरणांच्या जिल्हास्तरीय समित्या)
व मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : मक्त्याने, बटईने, खंडाने शेती कसणाऱ्यांची हंगामी नोंद आणि आत्महत्या प्रकरणांतला ‘अपात्र’ शेरा

महोदय,

शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला सरकारी मदत द्यायची की नाही, हे तुमची समिती ठरवते. तिच्या इतिवृत्तात एक ओळ ठरलेली असते : ‘मयताच्या अथवा कुटुंबातील सदस्याच्या नावे शेतजमीन नाही, सबब प्रकरण अपात्र.’ ओळ नियमाला धरून आहे. डिसेंबर २००५ आणि जानेवारी २००६ च्या शासन निर्णयांची चौकटच तशी आहे. पण ज्याच्या फाइलीवर ती ओळ पडते त्याने त्याच वर्षी सहा-सात एकर वावर (शेत) पेरलेलं असतं, कृषी केंद्राच्या वहीत उधारी त्याच्या नावावर असते, फवारणीचा पंप त्याच्याच पाठीवर असतो. फक्त वावर दुसऱ्याचं असतं.

हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. अशा कुटुंबांचे कागद गोळा करणं, अर्ज लिहून देणं, तहसीलमध्ये खेटे घालणं ही कामं करणारे आम्ही लोक. नियम कुठे अडवतो आणि तुमचेही हात कुठे बांधलेले आहेत, ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून ‘न्याय द्या’ एवढंच लिहून थांबत नाही. कोणता रकाना, कोणतं कलम, कोणता महिना, ते लिहितो.

आधी व्यवहार काय असतो ते. विदर्भात त्याला मक्ता किंवा ठेका म्हणतात, मराठवाड्यात ठोका किंवा बटई, पश्चिम महाराष्ट्रात खंड किंवा वाटा. शब्द अनेक, प्रकार दोनच. एकात एकरी ठरलेली रोख रक्कम : पीक आलं काय, गेलं काय, मालकाचा पैसा ठरलेला. दुसऱ्यात माल वाटून घ्यायचा. खर्च कधी निम्मानिम्मा, कधी सगळा कसणाऱ्याचा. बटईत वाईट वर्ष दोघांना थोडंथोडं चावतं. मक्त्यात पाऊस, अळी आणि भाव या तिन्हींची जोखीम एकट्यावर येते. आमच्या भागात बटई मागे पडून मक्ता वाढतोय, कारण शहरात नोकरीला असलेल्या मालकाला काट्यावर येऊन हिशेब बघत बसायला वेळ नसतो. ठरलेली रक्कम खात्यावर पडली की तो मोकळा. सौदा गुढीपाडव्याच्या आसपास होतो, तोंडी होतो. पूर्वी निम्मी रक्कम सौद्याला आणि निम्मी दिवाळीला अशी रीत होती. आता बरेच जण सगळी रक्कम आधीच मागतात. म्हणजे बियाण्याचं पाकीट घरात येण्याआधी कर्ज घरात आलेलं असतं.

मालक म्हणजे जमीनदार असं मात्र धरून चालू नका. पुष्कळदा ती तीन एकरांची विधवा असते, हातपाय थकलेलं जोडपं असतं, मुंबईत वॉचमनकी करणारा भाऊ असतो. काही ठिकाणी मालक कसणाऱ्याहून गरीब निघतो. ही गोष्ट डोक्यात ठेवली नाही तर पुढे सुचवलेला प्रत्येक उपाय गावात पोहोचताच फसेल.

आता कोरडवाहू कापसाचा एक एकर घेऊ. आकडे गावागणिक थोडे हलतील, पण चित्र बदलणार नाही. मक्ता १२,००० धरू. नांगरट, वखरपाळ्या, सरी मिळून ३,०००. बीटी बियाण्याची दोन पाकिटं, ९०१ च्या दराने १,८०२. डीएपीची एक गोणी १,३५० आणि युरियाच्या दोन ५३३. पोटॅश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं मिळून १,६००. निंदण दोनदा आणि डवरणी ४,५००. तणनाशक आणि चार-पाच फवारण्या ५,०००. पाच क्विंटल कापूस आला असं धरा, तर वेचणी किलोला १० रुपयांनी ५,०००. गाडीभाडं, हमाली ७००. बेरीज ३५,४८५. व्यापाऱ्याने ७,००० चा भाव दिला तर हातात येतात ३५,०००. हंगाम बरा गेला, पीक सरासरी आलं, कुठे काही चुकलं नाही, आणि तरी ४८५ रुपये घरातून गेले. नवरा-बायकोची सहा महिन्यांची मजुरी यात धरलेलीच नाही. धरली तर हिशेब मांडायचीच गरज नाही. हेच वावर स्वतःचं असतं तर ११,५१५ रुपये उरले असते.

आणि व्याज अजून बाकी आहे. मक्त्याचे आणि खताचे मिळून २०,००० गावातून शेकडा ३ रुपये महिन्याने उचलले आणि जून ते जानेवारी आठ महिने वापरले, तर व्याज होतं ४,८००. ‘शेकडा तीन’ ऐकायला किरकोळ वाटतं. वर्षाला ते ३६ टक्के आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. कृषी केंद्रवाला तर व्याज म्हणतच नाही. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा, आणि वर माल त्यानेच सांगितलेल्या व्यापाऱ्याला घालायचा. या व्यवहाराला कुठल्याच कायद्यात नाव नाही.

पाऊस जास्त झाला आणि पाचाचे तीन क्विंटल झाले, तर वेचणीचे २,००० वाचतात पण उत्पन्नातले १४,००० जातात. व्याजासकट एकरी खड्डा १७,००० च्या वर. पाच एकर केले असतील तर ८६,०००. बुडालेला माणूस दुसऱ्या वर्षी कमी शेती करेल असं वाटतं ना? उलट होतं. मागचं फेडायचं म्हणून तो आणखी तीन एकर मक्त्याने घेतो, कारण उधारी मिळायला पेरा दाखवावा लागतो. तुमच्या समितीपुढे येणाऱ्या पुष्कळ फाइलींमागे असे लागोपाठचे दोन-तीन हंगाम असतात, एक नव्हे.

आता सरकारी पैसा कुठे जातो ते बघा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरी महासन्मानचे ६,००० खातेदाराला. ते एक वेळ सोडून देऊ. त्यांना ‘सन्मान’ म्हटलंय, मालकालाही सन्मान असू दे. पण अतिवृष्टीनंतर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून जी मदत मिळते तिचं कागदावरचं नाव ‘कृषी निविष्ठा अनुदान’ आहे. निविष्ठा म्हणजे बी, खत, औषध. ३३ टक्के वा त्याहून जास्त नुकसान झालं तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० हा त्याचा दर, म्हणजे एकराला साधारण ३,४००. बी-खताची बिलं ज्याच्या खिशात, नुकसान ज्याचं, त्याला त्यातला एक पैसा मिळत नाही, कारण रक्कम सातबाऱ्यावरच्या नावाच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. पंचनाम्याला येणाऱ्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) वावर कोण करतं हे माहीत असतं. पंचनाम्याच्या वेळी धुऱ्यावर (बांधावर) त्याच्याशेजारी उभा असतो तो कसणाराच. यादीत नाव मात्र मालकाचं चढतं. काही मालक इमानाने पैसे आणून देतात, तशी माणसं आम्ही पाहतो. पण कुणाच्या भल्या मनावर चालणारी गोष्ट ही योजना नव्हे.

पीकविम्याची तऱ्हा आणखी बारीक. प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत कुळं आणि बटईदार पात्र आहेत, २०१६ पासून. पण पोर्टलवर अर्ज भरताना नोंदणीकृत भाडेकरार चढवावा लागतो. तोंडी सौद्याचा नोंदणीकृत करार कुठून आणायचा? म्हणून विमा निघतो मालकाच्या नावावर, हप्ता बहुधा कसणाराच भरतो, ओटीपी जातो मालकाच्या मोबाइलवर. २०२४ पर्यंत शेतात पाणी शिरलं तर ७२ तासांच्या आत सूचना द्यायची असे. त्यातला एक दिवस मालकाचा फोन लागण्यात जाई.

हमीभावाचंही तेच. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० आणि सोयाबीनला ५,३२८ रुपये जाहीर झाले. मघाचा कापूस या भावाने गेला असता तर एकरी ५,५५० जास्त मिळाले असते. सगळं व्याज चुकतं होऊन वर चहापुरते २६५ रुपये उरले असते. पण खरेदी केंद्राला सातबारा लागतो, त्यावर पिकाची नोंद लागते, आधार लागतं, आणि पैसे खातेदाराच्या खात्यात पडतात. मग कसणारा काय करतो? खेडा खरेदीला आलेल्या गाडीत घरूनच माल घालतो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे की आत, हे मोजायला तिथे यंत्र नसतं. व्यापाऱ्याचा हात कापसात जातो आणि तोच भाव ठरवतो.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली तेव्हा वाटलं होतं की आता तरी कसणारा दिसेल. झालं ते असं : ॲप उघडायचं, गट नंबर टाकायचा, खातेदार निवडायचा, शेतात उभं राहून फोटो काढायचा. फोटो काढतो कसणारा, बोट त्याचं, मोबाइल त्याचा, मागचं पीक त्याचं. नोंद जाते मालकाच्या खात्यावर. ‘ही शेती कोण करतं’ हा प्रश्न ॲप विचारतच नाही. जुन्या सातबाऱ्यावर निदान ‘रीत’ आणि ‘जमीन करणाराचे नाव’ असे रकाने होते. तलाठी ते मन लावून भरत असे अशातला भाग नाही, पण रकाने होते. आता ॲग्रीस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. तोही जमिनीच्या नोंदीवर उभा. ज्याच्या नावे गुंठाही नाही त्याला क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही त्याला योजना नाही.

मग मालक कागद का करून देत नाही? तो वाईट आहे म्हणून नव्हे. त्याला कायदा माहीत आहे म्हणून. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा, मराठवाड्यासाठी १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा, विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कायदा. मुंबई कायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि ‘कसेल त्याची जमीन’ हे घोषणेतून सातबाऱ्यावर उतरलं. लाखो कुळं मालक झाली, ते योग्यच झालं. पण मुंबई कायद्याच्या कलम ४ मध्ये दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारा कूळ मानला जाण्याची तरतूद आहे, आणि कलम ३२-ओ मध्ये कृषकदिनानंतर निर्माण झालेल्या कुळालाही एका वर्षात जमीन विकत मागण्याचा हक्क आहे. ७०-ब चा दावा (‘मी या जमिनीचं कूळ आहे’ असं ठरवून मागण्याचा) म्हणजे काय हे गावातल्या प्रत्येक खातेदाराने कुणा ना कुणाच्या घरी पाहिलेलं असतं. ‘कूळ लागेल’ हे दोन शब्द उच्चारले की कागद बंद. म्हणून करार ११ महिन्यांचा, तोही तोंडी, आणि दर दोन वर्षांनी माणूस बदलायचा. नव्या माणसाला बांध घालायची, गाळ टाकायची इच्छा का व्हावी? पुढच्या पाडव्याला वावर आपल्याकडे असेल की नाही, हेच त्याला माहीत नसतं. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी केलेला कायदा आज कसणाऱ्याला अदृश्य करतोय, हे कबूल करायला कुणाला आवडत नाही. डाव्यांनाही नाही, उजव्यांनाही नाही.

या सगळ्याचा शेवट तुमच्या टेबलावर येतो. मृत्यूनंतर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद घेतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. त्या कागदात ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. घरचे लोक भानावर नसतात. चुलत भाऊ किंवा पोलीस पाटील सांगतो आणि हवालदार लिहितो. जमीन नावावर नाही असं कळलं की रकान्यात ‘मजुरी’ पडते. एका शब्दाने दोन गोष्टी होतात. पहिली, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात तो ‘शेतकरी’ न राहता ‘शेतमजूर’ होतो. २०२२ च्या अहवालात शेती क्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या आहेत : ५,२०७ शेतकरी, ६,०८३ शेतमजूर. त्या विभागाच्या व्याख्येप्रमाणे भाड्याने जमीन कसणाराही शेतकरीच. पण व्याख्या दिल्लीत असते आणि रकाना ठाण्यात भरला जातो. त्या ६,०८३ मध्ये मक्त्याने करणारे किती, हे त्या तक्त्यावरून सांगता येणार नाही. दुसरी गोष्ट, तहसीलदाराचा चौकशी अहवाल तोच शब्द उचलतो आणि समितीपुढे प्रकरण येईपर्यंत ते ठरून गेलेलं असतं.

समजा तो अडथळा पार झाला. मग निकष : नापिकी, राष्ट्रीयीकृत किंवा सहकारी बँकेचं अथवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, आणि वसुलीचा तगादा. मक्त्याने करणाऱ्याला बँकेचं पीककर्ज मिळत नाही, कारण सातबारा नाही. म्हणून तो बिनपरवाना सावकाराकडे जातो. बिनपरवाना सावकार पावती देत नाही, कारण त्याचा धंदाच गुन्हा आहे. पावती नाही म्हणून कर्ज सिद्ध होत नाही. जितका माणूस कायद्याबाहेरच्या पिळवणुकीत, तितका तो तुमच्या निकषांत कमी बसतो. बायकोच्या नावावरचं मायक्रोफायनान्सचं कर्ज तर ‘शेतीचं नाही’ म्हणून बाजूला पडतं; ते ज्या आठवड्यात उचललं त्याच आठवड्यात मालकाला मक्ता दिलेला असतो, हे पासबुकात दिसतं. बघायला हवं.

मदत किती? एक लाख. त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० वारसाच्या नावे ठेव. २००६ मध्ये ठरलेली ही रक्कम आहे. तिच्या पुरेपणाबद्दल इथे लिहीत नाही. पात्र ठरण्याची खरी किंमत रकमेत नसतेच. पात्र ठरलेल्या घराला सावकार आणि दुकानदार निदान काही दिवस हात आखडून वागतात, ‘आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंब’ म्हणून पुढच्या योजनांत नाव लागतं, मुलांच्या फीसाठी अर्ज करता येतो. अपात्र घराच्या दारात दुसऱ्याच आठवड्यात वही घेऊन माणूस येतो आणि नवऱ्याची उधारी बायकोकडे मागतो, जी तिने घेतलेली नसते आणि जिचा कागद त्याच्याकडेही नसतो.

आता मागणी. मुख्य मागणी एकच, बाकीच्या तिच्याभोवतीच्या.

प्रत्येक गावात कसणाऱ्याची हंगामी नोंद सुरू करा, सातबाऱ्यापासून पूर्णपणे वेगळी. एका पानाचा नमुना पुरे : गट नंबर, क्षेत्र, खातेदार, कसणाऱ्या नवऱ्याचं आणि बायकोचं दोघांचंही नाव, प्रकार मक्ता की बटई, पीक, मुदत. मुदत ३१ मार्चला आपोआप संपेल. कमी करायला अर्ज नको, फेरफार नको. नोंद ग्राम महसूल अधिकाऱ्याने (लोक अजून तलाठीच म्हणतात) पेरणीनंतरच्या पंधरवड्यात गावात बसून घ्यायची. पुरावा म्हणून चतुःसीमेच्या चार वावरांपैकी दोन शेजाऱ्यांची सही आणि सहायक कृषी अधिकाऱ्याचा शेरा. धुऱ्यापलीकडचं वावर कोण करतं हे शेजाऱ्यापासून लपत नाही. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर आठ दिवस लावा. हरकत आली तर मंडळ अधिकाऱ्याने जागेवर जाऊन मिटवावी.

यात मालकाची संमती सक्तीची करू नका. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये परवानाधारक कसणाऱ्यांचा कायदा करून कर्जपात्रता कार्ड दिली. कार्ड मिळाली, कर्ज फारसं मिळालं नाही, कारण त्याच सर्व्हे नंबरवर मालकाने आधीच पीककर्ज उचललेलं असे. २०१९ मध्ये नवा कायदा आला, ११ महिन्यांचं पीक कसणाऱ्याचं हक्कपत्र आलं, पण त्याला मालकाची सही लागते, आणि मालक सही करायला कचरतात. दोन्हींतून शिकण्यासारखं आहे : सहीची अट घातली की नोंद मरते, आणि कर्ज जमिनीशी बांधलं की नोंद असूनही उपयोग होत नाही. मालकाला सही नको, खात्री हवी. ती खात्री परिपत्रकाने देता येणार नाही, कारण शासन निर्णय अधिनियमाच्या वर चढत नाही. उद्या एखाद्या ७०-ब च्या दाव्यात हीच नोंद पुरावा म्हणून जोडली जाईल आणि मग गावात कुणी दुसऱ्यांदा नोंद होऊ देणार नाही. तिन्ही कुळकायद्यांत एक-एक पोटकलम घाला : हंगामी नोंदीने कूळहक्क, खरेदीचा हक्क किंवा वहिवाटीचा कोणताही दावा निर्माण होणार नाही, आणि ती कोणत्याही महसुली वा दिवाणी कामात त्यासाठी वाचली जाणार नाही. नीती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श शेतजमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा राज्यांना दिला, त्याचा गाभाही हाच : मालकी निर्धास्त, कसणं उघड. जी कुळं कायद्याने आधीच लागलेली आहेत त्यांच्या हक्काला या पोटकलमाने धक्का लागू नये, हे त्यातच लिहावं लागेल. आदिवासी खातेदारांच्या जमिनींना महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चं संरक्षण आहे. तिथे ही नोंद मागच्या दाराने हस्तांतरणाची वाट होऊ नये म्हणून बिगर-आदिवासी कसणाऱ्याला ती लागू करू नका. एवढी दक्षता घेतली नाही तर चांगल्या हेतूने नवं नुकसान होईल.

नोंद झाली की निविष्ठा अनुदान नोंदीतल्या नावाला. पीकविम्याच्या पोर्टलवर नोंदणीकृत कराराऐवजी हीच नोंद. खरेदी केंद्रावर हीच नोंद, आणि पैसे हिच्यातल्या खात्यात. शेतकरी ओळख क्रमांकात ‘कसणारा’ असा प्रकार वाढवा. ॲपमध्ये एक प्रश्न वाढवायचा आहे, धरण बांधायचं नाही.

कर्जासाठी नवा नियम लागत नाही. किसान क्रेडिट कार्डाच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत तोंडी पट्ट्याने करणारे आणि बटईदार स्पष्ट शब्दांत पात्र आहेत. नाबार्डची संयुक्त देयता गटांची पद्धत २००५-०६ पासून आहे : चार ते दहा जणांचा गट, एकमेकांची हमी, तारण नाही. १ जानेवारी २०२५ पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा २ लाख झाली आहे. तरी शाखेत गेलं की पहिला प्रश्न ‘सातबारा आणलाय?’ हाच. खरिपाच्या कर्जवाटपाच्या आढाव्यात तुम्ही अग्रणी बँकेला टक्केवारी विचारता. तिथे एकच आकडा जास्तीचा मागा : यंदा या जिल्ह्यात सातबारा नसलेल्या किती कसणाऱ्यांना पीककर्ज दिलं? हा प्रश्न दर महिन्याला इतिवृत्तात आला तरी शाखा हलतील.

कायदा बदलायला वेळ लागेल, तो धरून चाललो आहोत. पण काही गोष्टी जिल्हाधिकारी उद्या करू शकतात. आत्महत्येच्या प्रकरणात जमीन नावावर नाही एवढ्यावर फाइल बंद करू नका. कसणाऱ्याचा पुरावा मागवा. तो असतो : कृषी केंद्राची बिलं, बाजार समितीची हिशोबपट्टी, मालकाला मोबाइलवरून पाठवलेली मक्त्याची रक्कम, ट्रॅक्टरवाल्याची वही, शेजाऱ्यांचे जबाब. ई-पीक पाहणीचा फोटो कोणत्या मोबाइलवरून चढला हेही तपासता येतं. चौकशीला जाणाऱ्या नायब तहसीलदाराच्या नमुन्यात ‘मयत कुणाची जमीन कसत होता?’ हा प्रश्न छापा, म्हणजे तो विचारला जाईल. कर्जाबाबत बिनपरवाना सावकाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे त्याच आठवड्यात वळती करा. कुटुंबाने पुन्हा वेगळा अर्ज करायचा, हे सांगू नका. पोलीस अधीक्षक तुमच्या समितीवर आहेतच. ‘व्यवसाय’च्या रकान्यात मजुरी लिहिण्याआधी मक्ता-बटई विचारण्याची सूचना ठाण्यांना द्यायला त्यांना एक ओळ पुरते. आणि अपात्र प्रकरणांची कारणवार संख्या दर तिमाहीला जाहीर करा. ‘जमीन नाही’ या कारणाने किती फाइली पडल्या हे कळलं तरच विधानमंडळात पोटकलमाचा आग्रह धरता येईल.

एक गोष्ट मरणाआधीची. दिवाळी ते संक्रांत हा आमच्या भागात सर्वांत अवघड काळ. मक्त्याचा उरलेला हप्ता, दुकानाची उधारी आणि मायक्रोफायनान्स गटाचा आठवडी हप्ता एकाच वेळी दारात येतात, आणि कापसाचा पहिला वेचा कमी निघाला हेही तेव्हाच कळतं. कोणतं घर बोलेनासं झालंय हे आशाताईला, बचत गटाच्या अध्यक्षेला आणि कृषी केंद्रवाल्याला सर्वांत आधी समजतं. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या प्रेरणा प्रकल्पातल्या गृहभेटींच्या यादीला सातबाऱ्याची चाळणी लावू नका. मक्त्याने करणारी घरं आधी घ्या. टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतो. तो तहसीलच्या भिंतीवर असतो. कृषी केंद्राच्या बिलावर आणि बाजार समितीच्या काट्याजवळ असायला हवा, कारण मक्त्याने करणाऱ्याचं तहसीलमध्ये कामच नसतं.

पुढच्या गुढीपाडव्याला सौदे पुन्हा होतील. नमुना आणि चौकशीचा प्रश्न फाल्गुनात छापून गेला तर मृगाच्या पेरणीनंतर पहिली नोंद घेता येईल. परिपत्रक आषाढात निघालं तर फलकावर लावायला यादीच नसेल आणि येत्या पावसाळ्यातलं निविष्ठा अनुदान पुन्हा मालकाच्या खात्यात जाईल. तुमच्या कार्यालयाला नमुन्याचा कच्चा मसुदा हवा असेल तर तो आमच्याकडे तयार आहे. एका पानात बसतो.

आपले,
विदर्भ-मराठवाड्यात मक्त्या-बटईच्या शेतकरी कुटुंबांचे अर्ज लिहून देणारे आम्ही काही जण